घोटभर मुगाचे पाणी

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर दिवस लांबत गेले, गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवावी लागली आणि अखेर रुग्णाने डोळे उघडले, की घाटकोपरच्या घरांतून पहिल्यांदा निघतो तो मुगाच्या पाण्याचा थर्मास. पारण्याला जे सोसते ते आजाऱ्याला का सोसू नये, असा त्यामागचा सरळ हिशेब. पोटापुरता तो बरोबर आहे; गळ्यापुरता चुकतो.

माणूस गिळतो तेव्हा क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे दार मिटते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. ट्रॅकिऑस्टॉमीची नळी स्वरयंत्राच्या खाली बसते. उच्छ्वास तिच्यातूनच बाहेर पडू लागला की घशातून हवा खेळत नाही, तिथली संवेदना मंदावते, खोकल्याचा जोर ओसरतो. त्यात पक्षाघात किंवा दीर्घ आजाराची अशक्तता असली, तर पाणी श्वासनलिकेत उतरते आणि रुग्णाला ठसकाही लागत नाही. घरच्यांना वाटते, किती छान प्यायले! पुढे ताप चढतो, तो न्यूमोनियाचा असू शकतो.

पातळ पदार्थ वेगाने धावतो. दार मिटण्याआधीच तो तिथे पोहोचतो. म्हणून पचायला हलके तेच बहुधा गिळायला अवघड. नळीभोवतीचा फुगा भरलेला असला म्हणजे भय नाही, हा समजही खरा नाही. त्याच्या कडेने लाळ आणि पाणी झिरपतेच.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे केवळ बोलायला शिकवणारे, असे अनेकांना वाटते. गिळण्याची तपासणीही त्यांच्याच विद्येचा भाग आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात तिचे शिक्षण १९६६ पासून दिले जाते. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेल्या घासाचे एक्स-रे चलचित्र घेऊन घास कुठे जातो ते पाहता येते. खाटेजवळ निळा रंग देऊनही चाचणी करतात. पण नळीतून निळे काही आले नाही, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

नळीवर बसवायची एकमार्गी झडप डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने शोधली. तो स्वतः स्नायूंच्या आजाराने व्हेंटिलेटरवर होता. उच्छ्वास पुन्हा घशातून वळल्याने आवाज येतो, काहींचे गिळणेही सुधारते. फुगा पूर्ण रिकामा केल्यावाचून मात्र ती कधीही लावू नये. श्वास आत जाईल आणि बाहेर पडायला वाट उरणार नाही.

चोविहार पाळणाऱ्या घरांनी नाकातील नळीच्या आहाराच्या वेळांविषयी आहारतज्ज्ञांशी आधीच बोलावे. इन्सुलिन चालू असल्यास परस्पर बदल करू नये. तोंडाने काही जात नाही म्हणून दात-जीभ स्वच्छ करणेही थांबवू नये, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतूच फुप्फुसांत उतरतात. हे काम परिचारिकेकडून शिकून घेतले, तर घरच्या माणसांना रोज करता येते.