लेकीचं वेळापत्रक फ्रिजवर?



परवा एकीनं कौतुकानं सांगितलं, "लेकीच्या सेमिस्टरचं वेळापत्रक मीच करून फ्रिजवर लावलंय." लेक एकोणीस वर्षांची! तिचं सामायिकही तुम्हीच करणार का? ती ४८ मिनिटं ज्याची त्यालाच बसावी लागतात.

१९३७ साली याच वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: मुलांनी स्वतःच्या हातानं काम करत शिकायचं. आणि आपण?

मीही चुकले. मुलाचं बी.कॉम. म्हणजे माझंच दुसरं बी.कॉम. झालं! आज नोकरीच्या गावाहून तो वीजबिलाची तारीख मला विचारतो.

रविवारी दहा मिनिटं शेजारी बसा, "या आठवड्यात काय द्यायचंय?" एवढंच विचारा. तारखा तिनंच लिहायच्या. एखादी असाइनमेंट राहिली, तर कॉलेजात फोन लावू नका.