मोडलेले पथ्य आणि उरलेली पुंजी

मधुमेहाचे निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने बहुतेक रुग्ण आदर्श विद्यार्थ्यासारखे वागतात. चहातील साखर बंद होते, पहाटेचे फिरणे सुरू होते, गोळ्यांची वेळ चुकत नाही आणि तपासण्यांचे कागद फायलीत व्यवस्थित लावून ठेवले जातात. पुढे घरात एखादे लग्नकार्य निघते, बदलीचा हुकूम येतो, वार्षिक परीक्षांचे किंवा मार्चअखेरच्या हिशेबांचे काम अंगावर पडते आणि ही घडी विस्कटते. प्रथम फिरणे सुटते, मग तपासणी लांबणीवर पडते, मग संपलेल्या गोळ्या आणावयाच्या राहून जातात. आयुष्यभर चालणाऱ्या उपचारात असा खंड कधी ना कधी पडणे स्वाभाविकच आहे. तेव्हा घडी का मोडली यापेक्षा, ती मोडल्यावर माणूस परत का येत नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे.

हा प्रश्न थोडक्यांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढ्या मोठ्या समूहाच्या वर्तनाचा उलगडा केवळ 'मनोनिग्रहाचा अभाव' या दोन शब्दांनी होत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या वर्तनात एक हिशेब आढळतो. उपचाराची किंमत आज आणि रोख द्यावी लागते; त्याचा लाभ मात्र दहा-पंधरा वर्षांनी, तोही न दिसणारा. डोळे शाबूत राहिले, मूत्रपिंड निकामी झाले नाही, पायाची जखम चिघळली नाही, या न घडलेल्या गोष्टींचा आनंद कोणी मानीत नाही. त्यातच वाढलेली साखर दीर्घकाळ दुखत-खुपत नाही. किंमतही केवळ गोळ्यांची नसते. तपासणीचे पैसे, डॉक्टरांची फी, अर्ध्या दिवसाची रजा, उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा एकदा रक्त देण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे, हे सारे त्यात येते. महिनाअखेरीस ओढाताण असलेल्या घरात कात्री प्रथम कोठे लागते, हे सांगावयास नकोच.

परंतु परतीच्या वाटेवरील सर्वांत मोठा अडसर पैशाचा नसून शरमेचा आहे. अनेक रुग्ण तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात. आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या परीक्षार्थ्याचीच ही रीत. उपाशीपोटीची साखर त्यामुळे थोडीफार सावरते. मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी तपासणी असल्या तयारीला दाद देत नाही. मग आकडा पाहणेच टाळले जाते. डॉक्टर रागावतील, घरचे टोमणे मारतील, या धास्तीने महिन्यांची वर्षे होतात. 'आता इतके बिघडलेच आहे, तर थोड्याने काय होणार?' हा युक्तिवाद याच शरमेतून जन्मतो.

हा युक्तिवाद किती फोल आहे, हे ब्रिटनमधील एका दीर्घकालीन अभ्यासाने दाखवून दिले आहे. १९७७ साली तेथे सुरू झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे नव्याने निदान झालेले पाच हजारांहून अधिक रुग्ण सहभागी होते. साखर कसोशीने आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे व मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले, असा निष्कर्ष १९९८ साली जाहीर झाला. त्याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. अभ्यास संपल्यावर एका वर्षाच्या आत दोन्ही गटांच्या साखरेतील फरक नाहीसा झाला. तरीही आरंभी कसोशीने उपचार झालेल्यांचा लाभ पुढील दहा वर्षे टिकून राहिला. इतकेच नव्हे, तर त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाणही कमी असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ, पूर्वी पाळलेले पथ्य वाया जात नाही. मधल्या खंडामुळे पुंजी घटते, पण दिवाळे निघत नाही. मात्र अशी पुंजी सुरुवातीच्या काळातच अधिक साठते, म्हणून विलंबाला त्यात सवड नाही.

परतण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. कपाटात उरलेल्या गोळ्या जुन्याच मात्रेत आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे. मध्यंतरी वजन, आहार आणि मूत्रपिंडाची स्थिती बदललेली असू शकते आणि काही औषधांनी साखर एकाएकी खाली जाते. प्रथम रक्त, लघवी, डोळे आणि पाय यांची तपासणी, मग डॉक्टरांचा सल्ला, हाच क्रम योग्य. इन्शुलिनवरच अवलंबून असणाऱ्या रुग्णाने ते थांबविले असेल, तर एक दिवसही दवडता कामा नये. पहिल्याच आठवड्यात सारे पथ्य, सारा व्यायाम असा संकल्प सोडणाऱ्याचा उत्साह लवकर मावळतो. गोळीची वेळ ठरविणे आणि रात्रीच्या जेवणानंतर थोडे चालणे, एवढ्यावर आरंभ झाला तरी पुरे.

मात्र सारा भार रुग्णावर टाकून समाजाला व शासनाला मोकळे होता येणार नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे पाय कापण्याची वेळ आली की पैसा उभा राहतो, पाय वाचविणाऱ्या गोळीसाठी नाही. जनऔषधी केंद्रांमुळे काही औषधे स्वस्त झाली, हे मान्य; पण नोकरदाराला रजा न घेता जाता येईल अशी सायंकाळची तपासणी, सरकारी आरोग्य केंद्रांतून खंड न पडता मिळणाऱ्या गोळ्या आणि गैरहजर रुग्णाची आपणहोऊन चौकशी, या तीन गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही.

शाळेत महिनाभर गैरहजर राहिलेला मुलगा वर्गाच्या दाराशी येतो, तेव्हा शहाणा शिक्षक त्याला आधी आत घेतो आणि मग बुडालेल्या अभ्यासाचे बोलतो. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत दवाखान्याने आणि घराने एवढेच शहाणपण दाखविले, तरी परतणाऱ्यांची संख्या निश्चित वाढेल.