पाण्याचें माप कोणाच्या हातीं?

कारखान्याच्या वजनकांट्यांत ऊंस क्विंटलभर कमी भरला, तर आपण दाराशीं किती गलका करितों हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाटाच्या पाण्याचें माप पाहण्याकरितां चारीच्या तोंडाशीं जाणारा बागाईतदार मीं आपल्या 33 वर्षांच्या नोकरींत क्वचितच पाहिला. प्रस्तुत लेखक पाटबंधाऱ्याच्या वसुलीच्या बाजूस कारकून होता. पाणीअर्ज नोंदणें, आकारणी बांधणें, थकबाकीच्या याद्या करणें हें त्याचें काम. आणि आकारणी ज्या आंकड्यावर उभी राहते तो आंकडा मोजपट्टीवरून येतो. म्हणून पाणी मोजण्याच्या गोष्टीकडे माझें लक्ष लागलें, तें अद्याप सुटलें नाहीं.

पूर्वी पट्टी पिकावर व क्षेत्रावर बसे, तेव्हां मापाची एवढी निकड नव्हती. सन 2005 च्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस घनमापानें पाणी देण्याचें ठरलें, आणि चारीच्या मुखाशीं असलेला तो आखूड गळा हाच आपला वजनकांटा झाला. ह्या गळ्यास खात्यांत नुसतें 'फ्ल्यूम' म्हणतात. इंग्लिस नांवाच्या इंजिनियरांनीं 1920 नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत ह्याचा पुष्कळ अभ्यास केला होता. त्याची करामत साधी आहे. पाणी अरुंद जागेंतून उंबरठ्यावर चढतें व पलीकडे झपाट्यानें उतरून उसळी घेतें. अशी मोकळी उसळी असली, म्हणजे वरच्या अंगाची केवळ उंची वाचून प्रवाह किती तें कोष्टकावरून सांगतां येतें.

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. उंची दुप्पट झाली म्हणजे पाणी दुप्पट झालें असें बहुतेक लोक धरून चालतात. तसें नाहीं. फ्ल्यूमवर उंची दुप्पट झाली कीं पाणी सुमारें पावणेतीन पट होतें. त्रिकोणी खांचेवर तर साडेपांच पटींहून अधिक. त्यामुळें पट्टीची लहानशी चूक पैशांत मोठी होते. खरी उंची 15 सेंटिमीटर असतां पट्टी 16 दाखवूं लागली, तर फ्ल्यूमवर पाणी शेंकडा 10 जास्त लिहिलें जातें. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीची रुंदीहि नव्हे!

आतां स्वतःचा दोष सांगतों. एका रब्बीच्या पाळींत पट्टी वाचणारा मनुष्य आजारी पडला व चार दिवसांचे आंकडे आले नाहींत. तक्ता तर वेळेवर धाडावयाचा. मीं आदल्या दिवसाचाच आंकडा चारी दिवस उतरविला. कचेरीच्या भाषेंत 'मागील पानावरून पुढें चालू'. त्याच दिवसांत वरच्या बाजूस भराव खचल्यामुळें पाणी निम्म्याहून कमी केलें होतें, हें मला ठाऊक नव्हतें. मीं विचारलेंहि नाहीं. संस्थेस पूर्ण पाण्याची पट्टी गेली. शेवटाकडील एक म्हातारे शेतकरी मोरीशीं रोवलेल्या काठीच्या खुणा नातवाच्या वहींत टिपून घेऊन आले व म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या वहींत पाणी हाय, आमच्या चारींत नव्हतं." तक्त्यावर सह्या होऊन तो वर गेला होता. आकारणी दुरुस्त होण्यास दोन वर्षें लागलीं. पुढची पाळी अडूं नये म्हणून त्या मंडळींनीं रक्कम मध्यंतरीं भरलीच. त्यांतील दोघांनीं ती व्याजानें काढली होती, हें मला मागाहून कळलें.

तथापि सगळा दोष कचेरीच्या माथीं मारणेंहि बरोबर नाहीं. फ्ल्यूमच्या खालच्या अंगास चारींत गाळ व गवत माजलें कीं पाणी तुंबतें. उंबरठ्यापासून मोजलेली खालची उंची वरच्या उंचीच्या शेंकडा 80 ते 85 पलीकडे गेली, कीं उसळी बुडते. पट्टी उंच दाखविते आणि पाणी मात्र कमी वाहतें. म्हणजे चारी न साफ करणारी संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे आपल्या हातानें भरते. ही गोष्ट मीं कित्येक सभांत सांगितली. लोक माना हालवितात व घरीं जातात.

हल्लीं कांहीं कालव्यांवर आपोआप नोंद करणारीं यंत्रें बसलीं आहेत, तेव्हां माणसानें पाहण्याचें कारण काय, असें कित्येक सुशिक्षित तरुण विचारतात. यंत्र चांगलेंच, तें आजारी पडून घरीं बसत नाहीं व मागचें पान उतरवीत नाहीं. परंतु तेंहि उंचीच वाचतें. शून्य सरकलेला असेल वा उसळी बुडाली असेल, तर तीच चूक तें रात्रंदिवस बिनचूक लिहील.

माझें मत असें कीं, प्रत्येक संस्थेनें चारीच्या शेवटाकडील एका सभासदास ह्या कामीं नेमावें. मुखाजवळच्याला पाण्याची वाण सहसा पडत नाहीं. त्यानें पाळी चालू असतां सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचावी, स्वतंत्र वहींत वेळेसह लिहावी व कालवा निरीक्षकांची सही त्याच दिवशीं घ्यावी. ताळा पाहण्यास एक हिशेब पुरे: सेकंदास एक घनफूट, म्हणजे एक क्युसेक पाणी, एका तासांत एक एकरावर सुमारें एक इंच उभें राहतें. दहा एकरांस तीन इंच द्यावयाचें तर एका क्युसेकला तीस तास, गळती निराळी. ह्याहून फार अंतर पडलें तर मुखाशीं जाऊन पाहावें.

आणि रब्बीची पहिली पाळी सुटण्यापूर्वीं पट्टीचा शून्य अवश्य तपासावा. वरच्या अंगास उंबरठ्याच्या कडेबरोबर पाणी साठवून स्थिर होऊं द्यावें. त्या वेळीं पट्टीनें शून्य दाखविलें पाहिजे. न दाखविल्यास फरक लिहून पंचांसमक्ष लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. अर्ज पाळी सुटण्यापूर्वींच्या तारखेचा असावा. मागाहून दिलेल्या अर्जावर आम्ही कारकून लोक काय शेरा मारतों तें मी जाणून आहें.