बाहेरून उघडतं ना, मग झालं!

सकाळी साडेसहाला मेसच्या मागच्या बाजूला भाजीचा ट्रक लागतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? सबमिशनच्या आठवड्यात रात्रभर जागून चहाच्या शोधात फिरणारे सोडले, तर फारच थोड्यांना. मीही त्याच वाटेने तिथे पोचलो आणि एक गंमत पाहिली. ट्रक थांबला, इंजिन बंद झालं. मग ड्रायव्हरमामांनी काच खाली केली, उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला, बाहेरचं हँडल चाचपून दाबलं, दाराला आतून गुडघ्याचा धक्का दिला आणि खाली उतरले. सगळं इतक्या सराईतपणे, की दार असंच उघडायचं असतं असं वाटावं.

विचारलं, "मामा, आतलं हँडल?"

"तुटलंय. दोनदा नवीन टाकलं, दोन्ही तुटली. बाहेरून उघडतं ना, मग झालं!"

क्लीनरच्या बाजूचं दार तर बाइंडिंग वायरने कायमचं बांधून टाकलेलं. म्हणजे या केबिनमधून बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तोही खिडकीतून हात घालून. मागच्या पावसाळ्यात आपल्याच गेटवर जोराच्या सरीत मामांनी काच वर केली आणि काचेची मूठ हातात निघून आली. दार आतून उघडेना, काच खाली होईना. वॉचमनकाका छत्री शोधून येईपर्यंत वीसेक मिनिटं मामा आत बसून होते. ही हकीकत ते हसत हसत सांगतात. मला काही हसू आलं नाही. जुन्या गाडीचं वायरिंग डॅशबोर्डखाली कसं लोंबत असतं ते पाहिलंय ना? तिथून धूर निघायला लागला तर वीस मिनिटं कोण देणार?

(ट्रक कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे आणि एवढ्या वर्षांत तिच्या दाराला कुणी तेलाचा थेंब दाखवलेला नाही.)

मला पडलेला प्रश्न असा. क्लच गेला तर त्याच दिवशी क्लच येतो. टायर गेला तर तासाभरात टायर येतो. मग हँडल वर्षानुवर्षं का येत नाही? कारण सरळ आहे: हँडलवाचून गाडी अडत नाही. कांदा वेळेवर पोचतो, कोबी वेळेवर पोचतो, आपली पातळ भाजी वेळेवर शिजते. त्रास होतो तो फक्त आत बसणाऱ्याला, आणि दुरुस्तीचा खर्च करणारा आत बसत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. उत्तम निर्णय, त्याबद्दल दुमत नाही. पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्यांच्या केबिनकडे कोण बघणार? तिथे एसीची गोष्ट लांबच, दार उघडलं तरी पुष्कळ!

असो. तर मेकॅनिकलच्या आम्ही तिघांनी ठरवलं, की फायनल इयर प्रोजेक्टला काय करायचं ते नंतर बघू, आधी हे हँडल करू. आणि इथेच आमची फजिती सुरू झाली.

पहिला रविवार. तुटलेलं हँडल मामांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवलेलं होतं. वरून चकचकीत क्रोम, तुटलेल्या जागी राखाडी आणि दाणेदार. म्हणजे जस्ताचं डायकास्टिंग. आमच्यातला एक म्हणाला, वेल्डिंग मारू. बरं झालं मारलं नाही. जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं, आर्कचं तापमान काही हजार अंशांत. हँडलचा गोळा झाला असता आणि त्या धुराने ताप चढला असता तो वेगळाच. मग सर्वांचा लाडका उपाय केला, अराल्डाइट. रात्रभर दोरीने आवळून ठेवलं. चौथ्या दिवशी मामा हातात दोन तुकडे घेऊन हजर! अराल्डाइटचा दोष नव्हता. आम्ही क्रोमवरच चिकटवलं होतं. गोंद क्रोमला धरून राहिला आणि क्रोमच खालच्या धातूवरून सालासारखा निघाला.

दुसऱ्या रविवारी शहाणपण सुचलं. तीन हँडलं एकाच जागी, पिनजवळच्या मानेला तुटतात, म्हणजे रोग हँडलचा नसणार. मग दाराचं आतलं आवरण काढायचं ठरलं. आता हे काढणं पुस्तकात कुठे सापडत नाही. काचेच्या मुठीमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. स्क्रू दिसत नाही म्हणून आम्ही पेचकसने उचकटायला लागलो, तेव्हा मामांनीच सांगितलं, "अरे पोरांनो, फडकं आणा." सुती फडक्याची पट्टी मुठीमागे सरकवायची आणि बुटाला पॉलिश करतात तशी इकडून तिकडे ओढायची. फडक्याच्या धाग्यात क्लिपची टोकं अडकतात आणि ती टप्पकन उडते. दुसरा हात समोर धरून ठेवा, नाहीतर क्लिप शोधण्यात अर्धा तास जातो. (आमचा पाऊण गेला.) म्हणजे मामांना हे सगळं येत होतं. त्यांच्याकडे नव्हता तो रविवार.

आवरण म्हणजे रेक्झिन लावलेला हार्डबोर्ड, खालून पाण्याने कुजलेला. आत पाहिलं आणि सगळं लख्ख कळलं. हँडल म्हणजे साधी तरफ. ते ओढलं की एक सळई मागे सरकते आणि ती सळई दाराच्या कडेचा लॅच सोडवते. सळईच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश केव्हाच झिजून गळून पडलेलं. त्यामुळे हँडलची निम्मी ओढ त्या ढिल्या भोकातच जिरत होती. लॅचमध्ये जुनं ग्रीस आणि धूळ मिळून डांबर झालेलं. फिजिक्स लॅबमधून मागून आणलेला स्प्रिंग बॅलन्स सळईला लावला, तर लॅच सुटायला जवळजवळ बारा किलोची ओढ! आता विचार करा, हँडल शेवटपर्यंत ओढून चौकटीला टेकलं, तरी लॅच सुटलेला नाही. माणूस काय करतो? अजून जोर लावतो. मग टेकू बदलतो, पिनऐवजी चौकटीची कडा टेकू होते आणि सगळा वाक मानेवर येतो. तिथेच कोपरा टोकदार, आत कास्टिंगची बारीक भोकं. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनची जी आकृती आपण जर्नलमध्ये तीन वेळा एकमेकांची बघून काढली, ती इथे मामांच्या हातात तुटत होती.

लॅच रॉकेलने धुतला, तारेच्या ब्रशने घासला, नवं ग्रीस भरलं. बुशच्या जागी डिझेल पाइपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवला. चौकटीच्या खांबावरचा लॅच अडकतो तो खुंटा दीड-दोन मिलिमीटर खाली सरकवला, कारण बिजागऱ्या झिजून दार लोंबत होतं. पुन्हा बॅलन्स लावला, तर तीन किलो! खरी दुरुस्ती इथेच संपली होती. हँडलसाठी मग ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी वाकवून मागून बसवली, दोन काउंटरसंक स्क्रू नटांनी आवळले आणि मुख्य म्हणजे पिन पट्टीतूनच आरपार नेली. आता जोर पट्टी घेते, जस्त फक्त शोभेला. दिसायला म्हणाल तर ओबडधोबड आहे. तीन महिने झाले, टिकलंय.

यावर काही मित्रांचं म्हणणं, "एवढा उपद्व्याप कशाला, दुकानात नवीन मिळतं की!" मिळतं, आणि मिळत असेल तर जरूर घ्या, पट्टी ठोकण्यात काही मोठेपणा नाही. पण मामांनी दोनदा नवीनच घेतलं होतं ना? बारा किलोच्या लॅचवर सोन्याचं हँडल बसवलं तरी ते तुटणारच.

आता स्टाफसमोर थोडी तक्रार, राग मानू नये. हे सगळं काम आम्ही मेसमागच्या नळाजवळ, उधारीच्या ड्रिलने केलं. शंभर पावलांवर आपलं वर्कशॉप, त्यात व्हाइस, ग्राइंडर, सगळं. पण रविवारी कुलूप. वर्कशॉपमध्ये आपण काय करतो? पहिल्या वर्षी लोखंडाचा चौकोन घासून दुसऱ्या चौकोनात बसवतो. तो जॉब सबमिट होतो आणि भंगारात जातो. घासायला शिकतो हे कबूल, पण कशासाठी घासायचं ते कधीच कळत नाही. महिन्यातला एक शनिवार तरी वर्कशॉप उघडं ठेवा. आपल्या गेटमधून रोज दुधाचा टेम्पो येतो, गॅसची गाडी येते, पाण्याचा टँकर येतो. ब्रेक-स्टिअरिंगला आम्ही हात लावणार नाही. तिथे चूक झाली तर जीव जातो आणि जबाबदारी कॉलेजवर येते, ही सरांची भीती रास्तच आहे. पण दार, काच, आरसा, वायपर यांत तसा धोका नाही, आणि शिकण्यासारखं भरपूर आहे. सर शेजारी उभे राहिले तर जर्नलमध्येही लिहू!

मेसच्या कंत्राटदारांनाही एकदा भेटलो. सामानाचा खर्च दोनशेच्या आत होता, तो त्यांनी लगेच दिला. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. मामांना विचारलं तर म्हणाले, "दाराचं काय सांगायचं मालकांना?"

क्लीनरच्या बाजूची वायर अजून तशीच आहे. त्या दाराचा लॅच गंजून पार बसलाय, तो धुऊन भागणार नाही, जुन्या बाजारात शोधावा लागेल. येत्या रविवारी ट्रक नऊपर्यंत थांबणार आहे, मामांनी कबूल केलंय. कुणाकडे चांगलं ड्रिल असेल तर घेऊन या. फडकं आम्ही आणतो.