अळसांद्यावरील भुरी आणि तराजूवरील कडता

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पिकांवरील रोगांची नावे ठाऊक असतात. रोग ठाऊक असतोच असे नाही. पेडणे व डिचोली तालुक्यांतून माघ-फाल्गुनात अळसांद्याच्या गोणी येऊ लागल्या म्हणजे पेढ्यांवर ‘भुरीचा माल’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. तो उच्चारला की भाव उतरतो आणि कडता वाढतो. या शब्दाचा उपयोग रास्त होतो काय, एवढाच प्रश्न आम्ही सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम भुरी म्हणजे काय ते पाहू. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आपल्याकडे अळसांदे, उडीद, कुळीथ ही कडधान्ये घेतात. पौषात दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारवा व दंव, असे हवामान असते. त्या सुमारास पानांवर पिठाची चिमूट उधळल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात आणि पाहता पाहता सबंध वेल पांढरा होतो. ही एक बुरशी आहे. तिचे तंतू पानाच्या वरच अंथरलेले असतात आणि बारीक शोषके पानाच्या कातडीत रोवून ती अन्नरस ओढून घेते. इतर बुरशींना पाऊस आणि ओले पान लागते. हिला मोठा पाऊस उलट धुऊन टाकतो. हिचे बीज वाऱ्यावर पसरते. जिवंत हिरव्या पानावाचून ही वाढत नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. (डिचोलीच्या खाणपट्ट्यातील झाडांवर बसते ती धूळ तांबडी, तिचा आणि भुरीचा संबंध नाही.)

हा रोग एकट्या अळसांद्याचा नव्हे. मानकुराद आंब्याच्या मोहरावर तो आला तर मोहर काळवंडून झडतो. हरमलच्या मिरचीवर तो पानाच्या खालच्या अंगाने येतो आणि पाने गळतात. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांस भुरी आणि केवडा हे दोन शत्रू पाठ असतात, व दोहोंवरील औषधे वेगळी, हेही पाठ असते. द्राक्षावरील भुरी इंग्लंडात मार्गेट येथे १८४५ साली टकर नावाच्या माळ्याच्या दृष्टीस पडली. तेथून ती युरोपभर गेली. १८५४ साली फ्रान्समधील द्राक्षमद्याचे उत्पादन चार वर्षांपूर्वीच्या सुमारे चौथ्या हिश्शावर आले. पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावर ती १८५२ साली पोहोचली आणि तेथील बागा उद्ध्वस्त झाल्या. आमच्या वाचकांस मद्याचे सोयरसुतक नाही; परंतु एका पिकावर ज्यांची पेढी उभी असते, त्यांचे काय होते हे व्यापाऱ्यास कळावयास हवे. त्या संकटातून युरोप सावरला तो गंधकाच्या भुकटीने, आणि आजही गंधक हेच या रोगावरील स्वस्त व जुने औषध आहे.

आता आपल्या तराजूकडे येऊ. भुरीने पाने निकामी झाली की शेंगा कमी लागतात व दाणा नीट भरत नाही. म्हणजे उत्पन्न घटते आणि पोचट दाण्याचे प्रमाण वाढते. हे नुकसान शेतकऱ्याने शेतातच सोसलेले असते. उरलेला जो दाणा टपोरा आहे, त्यात भुरीचा काही दोष नसतो. ती बुरशी हिरव्या पानावर जगणारी. वाळलेल्या दाण्यात, गोणीत किंवा वखारीत ती वाढत नाही. असे असता चाळणीने वेगळा होणारा पोचट दाणा एकदा वजा करावयाचा, आणि पुन्हा ‘रोगट माल’ म्हणून सबंध गोणीवर कडता लावावयाचा, हे एकाच दुखण्याचे दाम दोनदा वसूल करणे होय.

वखारीत धान्यास येणारी बुरशी ही निराळी बाब आहे. ओला माल भरला, गोण्या भिंतीला टेकवल्या, कोकणी पावसाळ्याची दमट हवा आत शिरली, म्हणजे ती येते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिनसारखे विष निर्माण करतात. तेथे मात्र आम्ही कोणाचीही भीड धरणार नाही. कुबट वास येणारी गोणी उंबऱ्याच्या आत घेऊच नये. परंतु हा दोष ओलाव्याचा आहे व बहुधा तो आपल्याच छपराखाली उत्पन्न होतो. दोहोंना एकच नाव दिल्याने खरा धोका झाकला जातो आणि निरपराध माल दंड भरतो.

काही बंधू म्हणतील, बाजार भावनेवर चालत नाही. कबूल. पण हिशेब पाहावा. मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि पेडण्यात जमीन विकणे हा शेतकऱ्यापुढे रोजचा मोह आहे. अशा वेळी चार महिने राबून आणलेल्या मालावर अन्यायाचा कडता बसला, तर तो पुढील वर्षी पेरणार नाही. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परप्रांतीची चवळी अळसांदे म्हणून विकावी लागेल, आणि तोणाकाची पहिली वाटी समोर येताच गिऱ्हाईक ते ओळखेल.

ज्या सभासदांकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना आहे, त्यांनी पाण्यात मिसळणारे गंधक मार्गशीर्षातच आणून ठेवावे. लिटरभर पाण्यास सुमारे २ ग्रॅम हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगतात. पिकावर ठिपके दिसू लागताच फवारणी झाली तर उपयोग होतो, आणि भर उन्हात केली तर पाने करपतात. शेंगा तोडणीस आल्यावर कोणतेही औषध कोणाच्या गळ्यात मारू नये. शंका असेल तेथे शेतकऱ्यास विभागीय कृषि कार्यालयाकडे किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषि संशोधन संस्थेकडे पाठवावे. दुकानदाराने वैद्य होऊ नये.

अळसांद्याचा भाव चाळणी, वजन आणि ओलावा या तिहींवरच ठरावा, व खरेदीपट्टीवर ‘भुरी’ हे कारण लिहून कडता घेण्याची रीत बंद करावी, अशी आमची सूचना आहे. चाळणीच्या भोकाचे माप सर्व पेढ्यांवर एकच असणे त्यासाठी अवश्य आहे. ते माप नवा माल येण्यापूर्वीच्या सभेत ठरावे, आणि ठरलेल्या चाळणीचा एक नमुना संघाच्या कार्यालयात शेतकऱ्यासही पाहता येईल असा टांगून ठेवावा.