दंड आणि दाद

आळंदीहून पंढरपूरकडे निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. दिवसभर चाललेल्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातील दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिने टाळ थांबवायचे नाहीत असा संकेत आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्याचा उलगडा होतो आणि मगच आरती सुरू होते. गाऱ्हाणे एका दिंडीचे असले तरी तोपर्यंत सारा समुदाय खोळंबतो. ही शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर पूर्वायुष्यात शिंद्यांच्या पदरी सरदार होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. फौजेत वावरलेल्या माणसाने आज्ञेच्या जोडीला दादही ठेवली.

याच आळंदीत 11 जून 2023 रोजी, पालखीच्या प्रस्थानादिवशी, मंदिराच्या प्रवेशद्वाराशी पोलीस आणि वारकरी तरुण यांच्यात झटापट झाली. लाठीमार झाल्याचा आरोप झाला. शासनाने तो नाकारला. आदल्या वर्षीची चेंगराचेंगरीसदृश स्थिती टाळण्यासाठी मानाच्या 56 दिंड्यांना प्रत्येकी 75 जणांपुरताच प्रवेश ठरला होता, असे सांगण्यात आले. मंदिराचे आवार आणि प्रस्थानाची गर्दी पाहता मर्यादा घालणे गैर म्हणता येणार नाही. परंतु नियम ठरतो बैठकीत आणि अमलात येतो दाराशी. दाराशी उभा असलेला शिपाई आणि आत जाऊ पाहणारा तरुण या दोघांपैकी कोणीही बहुधा त्या बैठकीत नसतो. तेथे दाद मागण्याची जागा नसेल, तर उरतो तो केवळ दंड.

आळंदी आणि चाकण पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे होती. 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि ही ठाणी त्यात आली. कारखान्यांसाठी प्रांतोप्रांतीचे कामगार येथे आले. गावाचा पोलीस पाटील ज्याला घराण्यासह ओळखत असे, असा रहिवासी आता मोजका उरला. ओळखीवर चालणारा विश्वास अशा ठिकाणी अपुरा पडतो. शिवाय ओळखीच्या अधिकाऱ्याची बदली झाली की तोही संपतो.

अनोळखी वस्तीतही विश्वास उभा करता येतो, याचा दाखला भिवंडीने दिला आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ते गाव होरपळले होते. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील साधे रहिवासी आणि पोलीस त्यांत नियमाने एकत्र बसत. विषय मोठे नसत; शेजाऱ्यांचे तंटे आणि गल्लीतल्या कुरबुरी तेथे निघत. डिसेंबर 1992 मध्ये आणि त्यानंतरच्या महिन्यात मुंबई पेटली, तेव्हा जवळची भिवंडी मोठ्या हिंसाचारापासून दूर राहिली. पुढे मुंबईनेही याच धर्तीवर मोहल्ला समित्या सुरू केल्या.

व्यापारी कुटुंबांचा पोलिसांशी संबंध मात्र बहुधा दोनच प्रसंगी येतो: दुकानात चोरी झाली तर, किंवा चोरीचा माल दुकानात निघाला तर. दुसऱ्या प्रसंगाची धास्ती सराफांना विशेष असते. कायद्याने अपराध ठरण्यासाठी माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे मानण्यास कारण असणे, आवश्यक आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेला माल घेणे, हा एक आहे. तेव्हा मोड घेताना विकणाऱ्याचे ओळखपत्र, सही आणि वजनाची नोंद ठेवणे हे सराफाच्या दृष्टीने व्रताचेही अंग ठरते. दुसऱ्या बाजूने, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण पोलिसांना बंधनकारक आहे. जप्त मालाची यादीही व्हावी लागते. ती आग्रहाने मागणारा सराफ पोलिसांचा विरोधक ठरत नाही. उलट, दोन्ही बाजूंना पुढे कामी येणारी ती एकच पावती आहे.

पहिल्या प्रसंगी मात्र पुष्कळ व्यापारी ठाण्याची पायरीच चढत नाहीत. ‘गेले ते गेले, आता खेटे कोण घालणार?’ हा हिशेब त्यामागे असतो. नव्या संहितेत गुन्हा कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कळवल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर वरिष्ठांकडे लेखी व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कोठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणेही आता पोलिसांचे कर्तव्य आहे. उधारीची तारीख वहीत न चुकता मांडणाऱ्या पेढीवर ही तारीख मांडलेली सहसा आढळत नाही.