सरोवर पाहा, गावतळेही पाहा



मुलगा मँचेस्टरला, मुलगी ब्लॅकबर्नला, भाचा बर्मिंगहॅमला, अशी घरे आता आपल्यात काही कमी नाहीत. मे-जून आला की अम्मी-अब्बांना तिकडचे बोलावणे येते. पहिला आठवडा लंडन पाहण्यात जातो, दुसरा नातेवाइकांच्या दावतींत, आणि तिसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतो, आता काय बघायचे? या महिन्याच्या सफरीत त्याचेच उत्तर आहे. शहर सोडा आणि पाण्याकाठी जा. मोठी सरोवरे पाहा, पण वाटेतल्या खेड्यांतली छोटी तळी चुकवू नका.

सरोवरांसाठी लेक डिस्ट्रिक्ट. हा इंग्लंडच्या वायव्येचा डोंगराळ मुलूख. मँचेस्टरहून मोटारीने साधारण दोन तासांत पोहोचता येते. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी इथल्या दऱ्या कोरल्या, बर्फ वितळला आणि खोलगट भागांत पाणी साठले. त्यांतले विंडरमिअर सुमारे 17 किलोमीटर लांब, इंग्लंडमधले सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. सर्वांत खोल वास्टवॉटर; त्याची खोली 70 मीटरहून जास्त. जवळच 978 मीटर उंचीचे स्काफेल पाइक, म्हणजे इंग्लंडचे सर्वोच्च शिखर. गंमत अशी, की या साऱ्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नावात ‘लेक’ असलेले मोठे सरोवर एकच, बॅसनथ्वेट लेक. बाकीची मिअर, वॉटर किंवा टार्न. मिअर म्हणजेच सरोवर, त्यामुळे ‘विंडरमिअर लेक’ म्हणणे म्हणजे ‘विंडर तलाव तलाव’ म्हणण्यासारखे आहे. 1951 साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि 2017 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला.

विंडरमिअरपर्यंत रेल्वे जाते. बोनेसच्या धक्क्यावरून बोटी सुटतात. 555 क्रमांकाची बस ॲम्बलसाइड, ग्रासमिअर आणि थर्लमिअरच्या बाजूने केझिकला जाते. तिच्या वरच्या मजल्यावर बसलात तर मोटारीची गरजच भासणार नाही. अम्मींचे गुडघे दुखत असतील तर टार्न हाउजला न्या. तळ्याभोवतीची सुमारे तीन किलोमीटरची वाट इतकी नीट आहे, की चाकांची खुर्चीही जाते.

हे सारे वाचून ब्लॅकबर्नची माझी एक भाची मला म्हणेल ते मला ठाऊक आहे. ती वीस वर्षे तिथे राहते, सरोवरे तासा-दीड तासावर, आणि गेली असेल दोनदा. कारण विचारले तर म्हणाली, “खाला, तिथं गेलं की आम्हीच तेवढे वेगळे दिसतो. लोक बघतात. आपली जागा नाही असं वाटतं.”

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, आणि आजचाही नाही. 1844 मध्ये विंडरमिअरला रेल्वे आणायचे ठरले, तेव्हा विरोधात उभा राहिला तो याच सरोवरांचा मोठा कवी वर्ड्सवर्थ. गाड्या भरभरून कामगार आले तर इथली शांतता जाईल आणि त्यांना इथले सौंदर्य कळणारही नाही, असे त्याचे म्हणणे. रेल्वे 1847 मध्ये आली. कामगारही आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. पुढे 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार किंडर जलाशयाच्या काठाने किंडर स्काउटच्या माळावर चढले. तो माळ बड्या जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. आज तोच माळ सर्वांना खुला आहे. 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर आणि डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. मात्र पाण्यात पोहण्याचा किंवा नाव घालण्याचा हक्क त्यात नाही, हे लक्षात ठेवा.

आणि अगदी अलीकडचे सांगायचे तर, हारून मोटा यांनी सुरू केलेल्या ‘मुस्लिम हायकर्स’ या गटातले शंभरावर लोक 2021 च्या नाताळच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगर चढले. त्यांची छायाचित्रे पाहून समाजमाध्यमांवर काहींनी गरळ ओकली. पण त्याहून कितीतरी जास्त लोकांनी त्यांचे स्वागत केले. म्हणजे ‘तुम्ही इथे कशाला?’ हे प्रत्येक नव्या पाहुण्याला कुणी ना कुणी विचारलेले आहे, आणि ज्यांना विचारले ते येतच राहिले म्हणून वाटा मोकळ्या राहिल्या. भाचीला मी एवढेच सांगितले, की आधी जाऊन ये. जागा आपली आहे की नाही ते काठावर बसून ठरव.

या पाण्याला एक दुखरी बाजूही आहे. मँचेस्टरची तहान भागवण्यासाठी थर्लमिअरला बांध घालण्यात आला. 1894 पासून तिथले पाणी सुमारे 150 किलोमीटर, केवळ उतारावर वाहत शहरात येते. बांधाला स्थानिकांनी मोठा विरोध केला आणि ते हरले. पण त्या लढ्यातले एक पाद्री, हार्डविक रॉन्सली, यांनी 1895 मध्ये दोन सोबत्यांसह नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. आज लेक डिस्ट्रिक्टमधली कितीतरी जमीन आणि पाणी या संस्थेने राखले आहे. नंतर हॉजवॉटरची पाळी आली. 1930 च्या दशकात मार्डेल हे गाव पाण्याखाली गेले. चर्च पाडले गेले, कबरी उकरून जवळजवळ शंभर मृतदेह दुसऱ्या गावी पुन्हा दफन केले गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले, की गावच्या दगडी भिंती आणि जुना पूल आजही वर दिसतो. धरणात गाव गेलेल्या कुणालाही हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

आता गावतळ्यांकडे वळू. एसेक्समधल्या फिंचिंगफील्डचे तळे कॅलेंडरांवर तुम्ही पाहिले असेल: हिरवळ, बदके, छोटा कमानी पूल. डॉर्सेटमधल्या ॲशमोर गावाच्या मधोमध मोठे गोल तळे आहे. ते कधी आटलेच तर गावकरी कोरड्या तळाशी जमून केक खात, अशी जुनी रीत सांगतात. पण ही तळी शोभेसाठी खोदलेली नव्हती. गुरे आणि घोडे इथे पाणी पीत. उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचे लाकूड सुकून आक्रसे आणि लोखंडी धाव सैल होई, तेव्हा गाडी तळ्यात उभी करून चाके फुगवून घेत. दक्षिणेकडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पाणी ठरत नाही, म्हणून मेंढपाळ खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती तुडवून बसवत आणि पाऊस साठवत. चेशरमध्ये शेताला खत म्हणून चुनखडीची माती खणून काढली, त्या खड्ड्यांत पाणी साचून हजारो तळी झाली.

मग ट्रॅक्टर आला, घरोघरी नळ आले. गुरांना, चाकांना तळ्याची गरज उरली नाही. शेतकऱ्यांनी तळी बुजवून त्यावर पीक घेतले. गेल्या शतकात देशातली जवळजवळ निम्मी तळी अशी नाहीशी झाली. त्यांच्याबरोबर बेडूक, चतुर आणि पाठीवर तुरा असलेला न्यूट नावाचा, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणीही घटला. त्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. मोठ्या सरोवरासाठी भांडायला कवी होते, पाद्री होते, वर्तमानपत्रे होती. कोपऱ्यातल्या तळ्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते.

तरी निराश होण्याचे कारण नाही. नॉरफक परगण्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी जुन्या नकाशांवरून बुजलेली तळी शोधली आणि शेतकऱ्यांच्या मदतीने पुन्हा खोदली. ‘भूत-तळी’ असे त्यांचे नाव पडले आहे. वरची माती काढून जुन्या गाळापर्यंत पोहोचले आणि खड्डा पावसाच्या पाण्याने भरू दिला. कुणी काही पेरले नाही. काही महिन्यांत पाणवनस्पती उगवल्या, त्याही दीडशे वर्षांपर्यंत गाळात दबून राहिलेल्या बियांतून. सुब्हानअल्लाह! वर नांगर फिरत होता, पिके येत-जात होती, आणि खाली बी जिवंत होते.

निघण्यापूर्वी चार गोष्टी सांगते.

खेड्यात हलाल जेवण मिळेलच असे नाही. डबा आणि चहाचा थर्मास घरूनच न्या. जूनअखेरीस तिकडे मगरिब पावणेदहाच्या सुमारास होते, म्हणून दिवस लांब मिळतो. पण असरसाठी चटई आणि वजूसाठी पाण्याची बाटली सोबत ठेवा. उन्हाळ्यातही सरोवराचे पाणी बर्फासारखे थंड असते. पोहता येणाऱ्याचाही अचानक उतरल्यावर श्वास कोंडतो, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली किंवा तशी सूचनेची पाटी असली तर पाण्याला हातही लावू नका. विंडरमिअरमध्ये अलीकडे ही तक्रार वाढली आहे. सांडपाणी सरोवरात सोडण्याविरुद्ध तिथले रहिवासी वर्षानुवर्षे झगडत आहेत.

आणि बदकांना पाव घालू नका. पोट भरते, पण पोषण होत नाही, उरलेल्याने पाणी नासते. मटार, ओट किंवा मक्याचे दाणे मूठभर न्या. जाताना नातवंडांना विचारा, तुमच्या घराजवळचे तळे कुठे आहे? त्यांना ठाऊक नसेल तर जुना नकाशा पाहून त्यांच्याबरोबर शोधायला निघा. तुमच्या इंग्लंडवारीतली ती सर्वांत स्वस्त सफर असेल, आणि मुलांना बहुधा तीच लक्षात राहील.